दुष्काळातला बल्लवाचार्य

एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये सर्वाधिक गाजलेला बल्लवाचार्य म्हणजे अॅलेक्सिस सॉयर. उमराव-सरदारांच्या मेजवान्यांनी त्याला कीर्ती मिळाली. पण इतिहासात त्याचे नाव टिकले ते भुकेल्यांसाठी त्याने पेटवलेल्या चुलींमुळे.

सॉयरचा जन्म 1810 मध्ये फ्रान्समधील मो या गावी झाला. पॅरिसच्या भटारखान्यांत तो स्वयंपाकाची कला शिकला. 1830 च्या क्रांतीनंतर त्याने पॅरिस सोडले आणि आपल्या भावापाठोपाठ तो इंग्लंडला आला. 1837 मध्ये लंडनच्या रिफॉर्म क्लबने त्याला मुख्य आचारी नेमले. पुढच्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीच्या राज्याभिषेकाच्या दिवशी त्याने सुमारे दोन हजार पाहुण्यांच्या न्याहारीची व्यवस्था केली. क्लबच्या नव्या इमारतीत त्याने उभारलेले स्वयंपाकघर पाहण्यासाठी लोकांची रीघ लागे. गॅसवर चालणाऱ्या शेगड्यांचे तेव्हा मोठे अप्रूप होते.

1845 मध्ये आयर्लंडमधील बटाट्याच्या पिकावर करपा पडला. बटाटा हेच गरिबांचे मुख्य अन्न असल्याने उपासमार सुरू झाली. पुढील काही वर्षांत भुकेने आणि रोगराईने सुमारे दहा लाख माणसे दगावली. सरकारने सॉयरला पाचारण केले आणि एप्रिल 1847 मध्ये डब्लिन येथील लष्करी बराकींसमोरच्या मैदानात त्याचे अन्नछत्र सुरू झाले. मधोमध तीनशे गॅलनची प्रचंड कढई, भोवती लांबच लांब बाके आणि एका पंगतीला शंभर वाडगे. घंटा वाजली की शंभर माणसे आत येत, काही मिनिटांत सूप पिऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडत आणि लगेच पुढची पंगत बसे. दिवसाकाठी हजारोंच्या मुखी अन्न पडू लागले.

या उपक्रमाला गालबोटही लागले. वाडग्यांतील चमचे साखळीने बांधलेले होते. पाच शिलिंग मोजून प्रतिष्ठितांना भुकेल्यांचे जेवण पाहण्याची मुभा मिळाली. तो पैसा मदतीसाठीच असला, तरी गरिबीचे हे प्रदर्शन अनेकांना खटकले. दोन गॅलन पाण्याला जेमतेम पाव पौंड मांस अशा त्याच्या पाककृतीत कस तो काय असणार, असा सवाल डॉक्टरांनी केला. तो रास्तच होता. सॉयरचे सूप भूक भागवीत असे; खंगलेल्या देहाला ताकद देणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

तथापि, सूप पातळ असले तरी त्यामागची योजना पक्की होती. थोड्या इंधनात, थोड्या जागेत आणि थोड्या वेळात हजारोंना गरम अन्न कसे द्यावे, हे त्याने दाखवून दिले. त्या वर्षी सरकारने आयर्लंडभर अन्नछत्रे उघडली. जुलैमध्ये तेथे रोज सुमारे तीस लाख लोक जेवत होते. मात्र शरद ऋतू येईपर्यंत सरकारने ती बंद केली आणि मृत्यूचे थैमान पुन्हा सुरू झाले.

1850 मध्ये सॉयरने क्लबची नोकरी सोडली. पुढच्या वर्षी लंडनच्या भव्य प्रदर्शनासमोर थाटलेल्या उपाहारगृहात त्याला मोठा तोटा सोसावा लागला. तरीही 1855 मध्ये तो स्वखर्चाने क्रिमियन युद्धात सैनिकांच्या सेवेसाठी निघाला. स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात, जेथे फ्लॉरेन्स नाइटिंगेल काम करीत होत्या, त्याने स्वयंपाकाची घडी नव्याने बसवली. रणांगणासाठी त्याने तयार केलेली बंदिस्त शेगडी अल्प इंधनावर, वाऱ्यापावसातही चाले. ब्रिटिश सैन्याने ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वापरली.

5 ऑगस्ट 1858 रोजी, वयाच्या अवघ्या 48 व्या वर्षी, सॉयरचे निधन झाले. केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत पत्नी एमाच्या शेजारी तो विसावला. त्याच्या मेजवान्यांची चव त्या पिढीबरोबर गेली. दानाला नियोजनाची जोड हवी, हा त्याचा धडा मात्र आजच्या प्रत्येक अन्नछत्राला लागू पडतो. आणि अन्न देताना घेणाऱ्याचा मान राखावा, हा डब्लिनच्या साखळीबंद चमच्यांनी शिकवलेला धडाही तितकाच मोलाचा आहे.