विद्येचे ऋण

मनुष्यास कर्ज होते ते आळसामुळे किंवा उधळेपणामुळे, असा एक सर्वसाधारण समज आहे. परंतु ज्यांनी एक घटकाही वाया दवडली नाही आणि एक पैसाही चैनीत खर्चिला नाही, अशा एका थोर पुरुषासही विद्येसाठी ऋणको व्हावे लागले. ते पुरुष म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. ते बी. ए. झाल्यावर १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील शिक्षणासाठी त्यांस दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावी, असा करार होता. म्हणजे हे ऋण श्रमाने फेडावयाचे होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते दिवसाचे अठरा अठरा तास अभ्यास करीत. त्या तुटपुंज्या रकमेतूनच ते घरी पैसे पाठवीत आणि पोटाला चिमटा घेऊन जुने ग्रंथ विकत घेत. १९१५ साली ते एम. ए. झाले. पुढे ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत सरल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांस परतावे लागले.

करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले. परंतु ते अस्पृश्य मानलेल्या जातीचे होते. कचेरीतील शिपाई कागदपत्रे दुरूनच त्यांच्या मेजावर फेकीत. तेथे त्यांस प्यावयास पाणी मिळेना. गावात कोणी राहावयास जागा देईना. जात लपवून ते एका पारशी उतारगृहात राहिले. पण लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांस तेथूनही हुसकावले. भीमराव मुंबईस परतले. ऋण फेडण्याची त्यांची इच्छा होती, योग्यताही होती. फेडीची वाट मात्र समाजाने अडविली! पुढे संस्थानाने त्या रकमेची मागणी केली.

१९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. वेतन दरमहा ४५० रुपये होते. तरीही बिऱ्हाड परळच्या चाळीतच राहिले. पत्नी रमाबाई ठरावीक रकमेत प्रपंच भागवीत. अशी पै-पै साठवूनही विलायतेचा खर्च भागण्याजोगा नव्हता. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी साहाय्य केले आणि नवल भथेना या पारशी मित्राने ५,००० रुपये कर्जाऊ दिले. १९२० साली भीमराव पुन्हा लंडनला गेले. दिवसभर ग्रंथालयात वाचन करावे आणि रात्री भूक लागली की भाजलेल्या पापडांवर ती भागवावी, असा त्यांचा क्रम असे. अखेर १९२३ साली ते बॅरिस्टर होऊन परतले आणि त्याच वर्षी लंडन विद्यापीठाने त्यांस डी. एस्‌सी. ही पदवी दिली.

मुलांनो, शिकण्यासाठी काय सोसावे लागते, हे भीमराव कधी विसरले नाहीत. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्या गरीब तरुणांसाठी तेथे सकाळचे वर्ग भरू लागले. पैशाचे ऋण पैशाने फिटते. विद्येचे ऋण मात्र दुसऱ्यास विद्या देऊनच फेडावे लागते.