विल्यम जेनिंग्ज ब्रायन

ब्रायन ह्यांचा जन्म १८६० साली अमेरिकेतील सेलम गावी झाला. शेतकरी व मजूर ह्यांचा कैवार घेऊन ते तीन वेळा अध्यक्षपदासाठी उभे राहिले. तिन्ही वेळा अपयश आले. बलवानाने दुर्बळास चिरडावे, असा धडा मुले उत्क्रांतिमतातून घेतील, ही त्यांस धास्ती होती. म्हणून १९२५ साली, टेनेसी प्रांताचा मनाईचा कायदा मोडून ते मत शिकविल्याचा आरोप असलेल्या स्कोप्स मास्तरांविरुद्ध त्यांनी डेटनच्या कोर्टात सरकारपक्षाची बाजू मांडली. मास्तरांस १०० डॉलर दंड झाला. पाच दिवसांनी ब्रायन तेथेच निवर्तले. १९६७ साली तो कायदा रद्द झाला. दुर्बळांविषयीची त्यांची कळकळ आम्ही शिरोधार्य मानितो. परंतु शाळेस कायद्याचे कुलूप घातल्याने दुर्बळांचे रक्षण होत नाही, असे आम्हांस वाटते.