कामा हॉस्पिटलच्या पहिल्या डॉक्टरीणबाई



मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून बाहेर पडले की थोड्याच अंतरावर कामा हॉस्पिटल लागते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी तिथे शिरले आणि हे नाव घरोघर पोहोचले. बायका-मुलांचे हे हॉस्पिटल १८८६ पासून चालू आहे. त्याची घडी बसवली ती एका परदेशी बाईने. तिचे नाव डॉ. एडिथ पीची.

एडिथबाईंचा जन्म १८४५ सालचा, इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातला. वडील बाप्टिस्ट पंथाचे पाळक. आपल्या कॅथलिक घरातल्या त्या नव्हत्या, तरी त्यांची ओळख आपण करून घ्यावी असे मला वाटते. १८६९ साली एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी ज्या सात मुलींनी प्रवेश मिळवला त्यांत त्या होत्या. त्याआधी ब्रिटनमधल्या कोणत्याही विद्यापीठाने मुलींना डॉक्टरकीसाठी घेतले नव्हते. पहिल्याच वर्षी रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्यांनी इतके गुण मिळवले की होप शिष्यवृत्ती त्यांनाच मिळायची. प्राध्यापकांनी ती त्यांच्या खालच्या मुलांना दिली. कारण एकच, ही मुलगी. गंमत अशी की या शिष्यवृत्तीचे पैसे मुळात प्रा. होप यांनी बायकांसाठी दिलेल्या व्याख्यानांतून जमले होते!

पुढे नोव्हेंबर १८७० मध्ये या मुली परीक्षेला निघाल्या तेव्हा मुलांच्या जमावाने वाट अडवून त्यांच्यावर चिखल फेकला. प्रकरण कोर्टात गेले आणि १८७३ मध्ये मुली हरल्या. त्यांना पदवी द्यायला विद्यापीठ बांधील नाही, असा निकाल लागला. एडिथबाईंनी मग स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथून १८७७ साली एम.डी. मिळवली, डब्लिनची परवाना परीक्षा दिली आणि लीड्स शहरात दवाखाना घातला. तो चांगला चालला. तिथेच त्या सुखाने राहिल्या असत्या.

इकडे मुंबईत वेगळीच अडचण होती. बाई आजारी पडली, अडली, तरी परपुरुष डॉक्टरने तिला हात लावायचा नाही. पडद्यातली बाई असो की सोवळ्यातली, मरण पत्करायचे पण डॉक्टर नको. जॉर्ज किट्रेज नावाचे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी स्त्री डॉक्टर आणण्यासाठी फंड उभा केला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी हॉस्पिटलसाठी लाखाहून जास्त रुपये दिले. अट अशी की कारभार स्त्री डॉक्टरांच्या हाती हवा. सरकारला हे पटेना. पैसे घ्यायचे, पण बाईच्या हाती हॉस्पिटल कसे द्यायचे? बरीच ओढाताण झाली, शेवटी अट मान्य झाली.

डिसेंबर १८८३ मध्ये एडिथबाई मुंबईत उतरल्या. वय ३८. इमारत पुरी होईपर्यंत त्यांनी जाफर सुलेमान दवाखाना चालवला. हिंदी शिकून घेतली, कारण रोग्याचे दुखणे दुभाष्याकडून ऐकायचे तर अर्धे वाटेतच सांडते. कामा हॉस्पिटल सुरू झाल्यावर त्यांनी इथल्या मुलींना परिचारिकेचे शिक्षण देण्याची सोय केली. केरळ-गोव्याहून येऊन दवाखान्यात सेवा करणाऱ्या सिस्टर आपल्या परिचयाच्या आहेत, म्हणून या कामाचे मोल वेगळे सांगायला नको. स्त्री डॉक्टरला पुरुषाइतकाच पगार मिळावा यासाठीही त्या झगडल्या. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला दया आणि न्याय यांतला फरक शिकवत असत. एडिथबाई दया करायला आल्या असे कुणी म्हटले असते तर त्यांना ते आवडले नसते असे मला वाटते.

१८८९ मध्ये त्यांनी हर्बर्ट फिप्सन यांच्याशी लग्न केले. हे मद्याचे व्यापारी, पण ओढ पशुपक्ष्यांची. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी नावारूपाला आणणाऱ्यांपैकी एक. या जोडप्याने नाशिकजवळ बायका-मुलांसाठी आरोग्यधाम काढले.

बालविवाहाच्या प्रश्नावर मात्र थोडे थांबले पाहिजे. रखमाबाई नावाच्या मुंबईच्या मुलीचे लग्न लहानपणी लावून दिले होते. मोठेपणी तिने नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितले, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती तुरुंगात जायला तयार झाली. पुढे तडजोड झाली, आणि एडिथबाईंच्या प्रोत्साहनाने, त्यांनी व इतरांनी जमवलेल्या मदतीवर रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला डॉक्टरकी शिकायला गेल्या. परत येऊन त्यांनी सुरत, राजकोट येथे वर्षानुवर्षे बायकांची सेवा केली.

१८९० मध्ये एडिथबाईंनी मुंबईच्या हिंदू समाजापुढे बालविवाहाविरुद्ध भाषण केले. परकी बाई, तीही राज्यकर्त्यांच्या जातीची, आपल्या घरातले सांगते हे अनेकांना रुचणे शक्य नव्हते. पुढच्याच वर्षी संमतिवयाचा कायदा येऊन वयाची मर्यादा १० वरून १२ झाली. त्याला लोकमान्य टिळकांनीही विरोध केला. परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये, ही त्यांची भूमिका. ती समजू शकते. पण एडिथबाई डॉक्टर म्हणून बोलत होत्या. कोवळ्या वयाच्या आया त्यांच्या खाटेवर येत होत्या. आपणही कान टवकारावेत असे हे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बालविवाहांचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या राज्यातल्या जिल्ह्यांत आपला परभणी जिल्हा आहे. चुडाव्यात कुणाच्या घरी दहावीतल्या मुलीला स्थळ बघणे चालू असेल, तर मिस्सा झाल्यावर मला जरूर भेटावे. रागावण्यासाठी बोलावत नाही.

मधुमेहामुळे १८९४ मध्ये त्यांनी हॉस्पिटलमधले काम सोडले. तरी १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा त्या पुन्हा कामाला लागल्या, आणि साथ हाताळण्याच्या सरकारी पद्धतीवर टीकाही केली. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर घेतलेल्या त्या पहिल्या स्त्री.

१९०५ मध्ये पतिपत्नी इंग्लंडला परतले. तिथे त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत उतरल्या. फेब्रुवारी १९०७ मध्ये लंडनच्या चिखलातून निघालेल्या मोठ्या मोर्चात त्या पुढे चालल्या. १४ एप्रिल १९०८ रोजी स्तनाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. एडिंबरा विद्यापीठाने त्या सात जणींना मरणोत्तर पदवी दिली ती जुलै २०१९ मध्ये.