टाळूवरची शिल्लक

बँकेत एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात वळती केली, की काही ग्राहकांना आपली शिल्लक वाढली असे वाटे. केशरोपणाचा हिशेब असाच आहे. डोक्यामागचे केस पुढे येतात, नवा एकही जन्मत नाही. (माझ्या डोक्यावर वळते करण्याइतकीही शिल्लक नाही, हे आधीच सांगून टाकतो.)

हा व्यवहार रीतसर मांडणारे शोजी ओकुदा १८८६ साली जपानमध्ये जन्मले. ते त्वचारोगतज्ज्ञ होते. भाजून किंवा जखम होऊन डोक्यावर व्रण राहिला, की तिथे केस उगवत नाही. अशांसाठी त्यांनी धारदार गोल नळीने केसांसकट कातडीच्या २ ते ४ मिलिमीटरच्या चकत्या काढल्या आणि व्रणात पाडलेल्या छिद्रांत बसवल्या. डोके, भुवया, मिशा, सगळीकडे केस रुजले, वाढले. सुमारे २०० रुग्णांचा अनुभव त्यांनी १९३९ साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

पण लेखन जपानी भाषेत, आणि त्याच वर्षी युद्ध पेटलेले. पश्चिमेला पत्ताच लागला नाही. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५२ साली अशाच चकत्या साध्या टकलावर लावल्या, १९५९ साली निबंध लिहिला आणि नाव जगभर झाले. तीनच वर्षांनी, १९६२ साली, ओकुदा वारले. मला ही गोष्ट लागते. खातेवहीत नोंद अगदी बरोबर होती, ती कुणी उघडली नाही एवढेच.

चकतीत एक खोट मात्र होती. केस कातडीतून तिरका निघतो, त्यामुळे नळी सरळ घातली की कडेची मुळे कापली जातात. लावलेले केसही बाहुलीच्या डोक्यासारखे झुपक्याने दिसत. १९८८च्या सुमारास टेक्सासमधल्या बॉबी लिमर यांनी मागून एकच पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तिचे बारीक भाग करायला सुरुवात केली. केस मुळातच एक ते चारच्या पुंजक्यांनी उगवतात. चौरस सेंटिमीटरला असे साधारण ८० पुंजके धरले, तर १५ सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर रुंद पट्टीतून १२०० कलमे मिळतात. टोके निमुळती असल्याने प्रत्यक्षात थोडी कमीच.

मग रुंदी दुप्पट करून २४०० का काढू नयेत? कारण जखमेच्या कडा शिवून जुळवाव्या लागतात. कातडी फार ताणली गेली की व्रण रुंद होतो, आणि ज्याला व्रण झाकायचा होता त्याच्याच मानेवर दुसरा उमटतो. म्हणून जाणता शल्यविशारद पट्टी लांब घेतो, रुंद घेत नाही. घेण्यापूर्वी कातडी बोटांनी हलवून पाहतो.

आता पुष्कळ ठिकाणी पट्टीही मागे पडली आहे. एकेक पुंजका वेगळा काढतात, तो जेमतेम मिलिमीटरभर रुंदीच्या गोल नळीने. हत्यार ओकुदांचेच, फक्त बारीक झालेले.