हिराबाईंची बैठक

मैफलीत गायिकेने कसे बसावे, हा आज कुणाला प्रश्नही वाटणार नाही. चेंबूर-ट्रॉम्बेकडच्या एखाद्या गणेशोत्सवात मुलगी तानपुरा जुळवून, मांडी घालून बसते आणि समोरचे लोक आपोआप गप्प होतात. शंभर वर्षांपूर्वी ही साधी बैठकसुद्धा कमवावी लागत होती. ज्यांनी ती कमावली त्यांत हिराबाई बडोदेकरांचे नाव आधी घ्यावे लागते.

हिराबाईंचा जन्म १९०५ सालचा, मिरजेचा. वडील किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ; आई ताराबाई माने, बडोद्याच्या राजघराण्याच्या नात्यातल्या. लग्नासाठी दोघांनी बडोदा सोडले. पाच मुले झाली आणि १९२० च्या सुमारास संसार मोडला. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या, त्यांना त्यांनी नवी नावे दिली. चंपाकलीची हिराबाई झाली, थोरल्या भावाचे सुरेशबाबू झाले. एकट्या बाईने, त्या काळात, पाच मुलांचा भार अंगावर घेतला होता, हे हिराबाईंच्या पुढच्या आयुष्याकडे पाहताना विसरून चालत नाही.

गाणे त्या सुरेशबाबूंकडे आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे शिकल्या. अवघ्या पंधरा-सोळाव्या वर्षी मुंबईत विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या व्यासपीठावर त्या गायल्या. त्या वेळी गाणारी बाई म्हणजे यजमानाच्या दिवाणखान्यातली बाई, अशीच समजूत होती. तिने हावभाव करावेत, फर्माइशी पुरवाव्यात, विड्याबरोबर येणारी थट्टाही हसून घ्यावी. पैसा देणारा एकच; म्हणून त्याच्या मागण्यांनाही अंत नसे. हिराबाई पदर नीट घेऊन, शांतपणे बसून, पुरुष गवयासारख्या ख्याल गाऊ लागल्या. पुढे त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले.

माझे आयुष्य बँकेत गेले, म्हणून असेल, पण मला या तिकिटाचे महत्त्व फार वाटते. तिकिटावर किंमत छापलेली असते. ती दिली की ऐकण्याचा हक्क मिळतो आणि तिथेच तो संपतो. गायिकेवर कुणा एकाचा हक्क उरत नाही. शिवाय तिकीट काढून बायकाही येऊ शकतात. दिवाणखान्यातल्या मैफलीत त्यांना जागा कुठली?

हा प्रश्न आपल्याकडेच होता असे नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत पंक रॉकच्या कार्यक्रमांत मंचासमोरची जागा धक्काबुक्की करणाऱ्या पुरुषांनी अडवलेली असे. कॅथलीन हॅना आणि तिच्या ‘बिकिनी किल’ने मुलींना पुढे बोलावले, पुरुषांना मागे सरकायला सांगितले. त्यांनी आरडाओरडा केला, पत्रके वाटली. हिराबाईंनी यांतले काहीच केले नाही. पण कोणी कुठे बसायचे आणि कोणाकडे कसे पाहायचे, हा झगडा दोन्हीकडे एकच होता.

१९२९ मध्ये या भावंडांनी ‘नूतन संगीत नाटक मंडळी’ काढली. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्या त्याआधी झाल्या होत्या. परंतु प्रतिष्ठित रंगभूमीवर स्त्री-भूमिकांचे मानकरी पुरुषच होते, आणि बालगंधर्वांची मोहिनी ओसरली नव्हती. अशा वेळी हिराबाई आणि त्यांच्या बहिणी पुरुष नटांबरोबर उभ्या राहिल्या. नाव झाले, पण हिशेब जुळला नाही. काही वर्षांतच मंडळी बंद पडली आणि डोक्यावर कर्ज राहिले. ते फेडण्यासाठी हिराबाई गावोगाव गात राहिल्या. बिऱ्हाडाचा गाडाही त्यांच्याच गळ्यावर चालत होता.

या यशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हिराबाईंनी हावभाव टाकले म्हणून त्यांना मान मिळाला. मग ज्यांच्या गाण्यात अदा हीच कला होती, त्यांचे काय? स्वातंत्र्याच्या आगेमागे आकाशवाणीने खासगी चारित्र्यावर बोट ठेवून कित्येक गायिकांना दार बंद केले. पुरुष गवयांच्या चारित्र्याची चौकशी कुणी केली नाही. समाजाने बाईला बैठक दिली, पण तिच्यावर अटी घातल्या. हा दोष हिराबाईंचा नव्हे. त्यांना ज्या वाटेने जाता येण्यासारखे होते, त्या वाटेने त्या गेल्या आणि मागच्यांसाठी ती मोकळी ठेवली.

१९६५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९७० मध्ये पद्मभूषण. धाकट्या भगिनी सरस्वती राणे यांच्याबरोबर त्यांनी जुगलबंदी गायली. दोन स्त्रियांनी असे एकत्र बसून ख्याल गाणे तेव्हा नवलाचे होते. माणिक वर्मा, प्रभा अत्रे यांनी त्यांच्याकडे तालीम घेतली. २० नोव्हेंबर १९८९ रोजी हिराबाई गेल्या. आता मुली गाणे शिकायला निघतात तेव्हा आईबाप वेळ विचारतात, फी विचारतात. घराण्याच्या अब्रूचे काय, असे विचारणारे आईबाप क्वचितच भेटतात.