शाळामास्तर जॉर्ज बूल

इंग्लंडच्या पूर्व भागात लिंकन नावाचे एक जुने शहर आहे. तेथे जोडे शिवून पोट भरणारा एक कारागीर राहत असे. जोड्यांपेक्षा दुर्बिणी तयार करण्यातच त्याचा जीव अधिक रमे. अशा छंदिष्ट माणसाच्या दुकानाची भरभराट व्हावी कशी?

२ नोव्हेंबर १८१५ रोजी या घरी जॉर्जचा जन्म झाला. शाळेचे शिक्षण त्याला बेताचेच मिळाले. गणिताची गोडी वडिलांनी लावली. लॅटिनचे पहिले धडे त्यांच्या ओळखीच्या एका पुस्तकविक्रेत्याने दिले. ग्रीक मात्र तो आपल्या आपणच शिकला. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचे इंग्रजीत भाषांतर केले. ते गावच्या वर्तमानपत्रात छापून येताच, एवढ्या लहान मुलाच्या हातून हे होणे शक्य नाही, अशी शंका एका शिक्षकाने जाहीरपणे घेतली. अशी शंका म्हणजे एका परीने प्रशंसाच. पण चौदा वर्षांच्या मुलाला ती तशी कशी वाटावी?

पुढे वडिलांचा धंदा बसला. आईवडील आणि तीन धाकटी भावंडे यांचा भार सोळा वर्षांच्या जॉर्जवर आला. त्याने डाँकास्टर येथील एका शाळेत साहाय्यक शिक्षकाची नोकरी धरली. पुस्तकांसाठी पैसा थोडा उरे. म्हणून पुष्कळ दिवस पुरेल असेच पुस्तक तो विकत घेई. कथेचे पुस्तक दोन रात्रींत संपते. गणिताच्या पुस्तकाचे एकेक पान कित्येक दिवस पुरते! थोर फ्रेंच गणितज्ञांचे ग्रंथ त्याने असे एकट्याने वाचून काढले. १८३४ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्याने लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली.

त्याचे लेख केंब्रिजच्या गणितविषयक नियतकालिकात छापून येऊ लागले. केंब्रिजला जाऊन रीतसर शिकावे, असे त्याच्या मनात आले. परंतु शाळा बंद केली तर घरची चूल कशी पेटणार? तो विचार त्याने सोडून दिला आणि मुलांना शिकवून उरलेल्या वेळात आपले संशोधन चालू ठेवले. १८४४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याच्या एका निबंधाला सुवर्णपदक दिले.

बूलचा खरा पराक्रम पुढेच होता. तो समजण्यासाठी एक लहानसे उदाहरण पाहू. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत कधी कधी अपरिचित चिन्ह देतात. अ ∗ ब म्हणजे अ ची दुप्पट अधिक ब, तर ३ ∗ ४ किती? मुले चिन्ह पाहूनच गांगरतात. वास्तविक उत्तर दिलेल्या नियमातच असते. तिनाची दुप्पट सहा, त्यात चार मिळवले की दहा. मात्र ४ ∗ ३ चे उत्तर अकरा येते. गुणाकारात आकड्यांची अदलाबदल चालते म्हणून येथेही चालेल, असे धरून चालणारा फसतो. नियम एकदा ठरला की तो शेवटपर्यंत पाळला पाहिजे.

बूलने ओळखीच्या गुणाकारालाच नवा अर्थ दिला. त्याची अक्षरे संख्यांसाठी नव्हती. ती वस्तूंच्या समूहांसाठी होती. क्ष म्हणजे सर्व पांढऱ्या वस्तू आणि य म्हणजे सर्व मेंढ्या मानू. मग क्ष × य म्हणजे दोन्ही समूहांत असणाऱ्या वस्तू, अर्थात पांढऱ्या मेंढ्या. आता क्ष × क्ष म्हणजे काय? पांढऱ्या वस्तूंतील पांढऱ्या वस्तू म्हणजे पांढऱ्याच वस्तू. म्हणून क्ष × क्ष = क्ष. नेहमीच्या अंकगणितात हा नियम फक्त ० आणि १ पाळतात. बूलने ० म्हणजे काहीही नाही आणि १ म्हणजे सर्व काही, असे ठरवले. तेव्हा १ − क्ष म्हणजे पांढऱ्या नसलेल्या सर्व वस्तू झाल्या. आता क्ष = क्ष × क्ष या समीकरणावरून क्ष × (१ − क्ष) = ० असे मिळते. एकच वस्तू पांढरी आहे आणि पांढरी नाही, असे कधी होत नाही! दोन हजार वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने सांगितलेले तर्काचे तत्त्व बीजगणिताच्या दोन ओळींत हाती आले.

हे विचार त्याने १८४७ साली एका छोट्या पुस्तकात व १८५४ साली मोठ्या ग्रंथात मांडले. दरम्यान १८४९ साली, कोणतीही पदवी नसताना, आयर्लंडमधील कॉर्क येथील नव्या महाविद्यालयात तो गणिताचा प्राध्यापक झाला. १८५५ साली त्याने मेरी एव्हरेस्ट हिच्याशी विवाह केला. भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट हे तिचे काका. त्यांचेच नाव पुढे हिमालयातील सर्वोच्च शिखराला दिले गेले.

१८६४ च्या नोव्हेंबरात एके दिवशी मुसळधार पाऊस पडत होता. बूलचे घर महाविद्यालयापासून सुमारे तीन मैल दूर होते. तो पायीच निघाला आणि ओल्या कपड्यांनीच त्याने तास घेतला. त्या दिवसापासून ताप आला, फुप्फुसे सुजली आणि ८ डिसेंबर रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

त्याचे बीजगणित पुढे बरीच वर्षे तर्कशास्त्राच्या अभ्यासकांपुरतेच राहिले. १९३७ साली क्लॉड शॅनन या तरुण अमेरिकन विद्यार्थ्याच्या लक्षात आले, की विजेच्या बटणांचे हिशेबही याच नियमांनी मांडता येतात. बटण चालू म्हणजे १, बंद म्हणजे ० असे माना. एकाच तारेवर एकामागून एक अशी दोन बटणे बसवली, तर दोन्ही चालू असतील तेव्हाच दिवा लागतो; कारण १ × १ = १. त्यांपैकी एक जरी बंद असले, तरी उत्तर ० येते आणि दिवा विझलेला राहतो. आजच्या प्रत्येक संगणकात असे असंख्य सूक्ष्म दरवाजे क्षणोक्षणी उघडत आणि मिटत असतात.