कराची ते मद्रास : जे. आर. डी. टाटा यांची हवाई वाट

हुबळीहून गदग-होसपेटमार्गे रेल्वेने पूर्वेस निघाले की बळ्ळारी लागते. १९३२ च्या ऑक्टोबरात या गावी टपालाच्या थैल्या घेऊन एक इवलेसे विमान रात्रीच्या मुक्कामास उतरले. ही वाट ज्यांच्या उद्योगाने खुली झाली, त्या जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचे चरित्र आपल्या भागातील मुलांनी म्हणूनच आपुलकीने वाचावे.

२९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे त्यांचा जन्म झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. सुट्टीत हे कुटुंब फ्रान्सच्या समुद्रकाठी राहावयास जाई. १९०९ साली इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरियो तेथे त्यांचे शेजारी होते. तेव्हापासून मुलाच्या मनाने विमानाचा जो ध्यास घेतला, तो अखेरपर्यंत सुटला नाही. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतातील वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता एक.

त्याच वर्षी आगाखान यांनी इंग्लंड-हिंदुस्थान प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयास बक्षीस जाहीर केले. टाटा कराचीहून निघाले. अस्पी इंजिनियर हा सतरा वर्षांचा तरुण इंग्लंडहून येत होता. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लगवाचून अस्पींचे विमान अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले आणि बक्षीस अस्पींनी जिंकले! हेच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. टाटांच्या औदार्याची ही कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु जादा प्लग बरोबर घेण्याची दूरदृष्टी त्यांच्यापाशी होती, हेही ध्यानात धरण्याजोगे आहे.

विलायतेचे टपाल त्या काळी कराचीपर्यंत विमानाने येई व पुढे आगगाडीने रखडत जाई. ते मुंबई-मद्रासपर्यंत विमानाने न्यावे, ही कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने १९२९ साली टाटांपुढे मांडली. सरकार अनुदान देईना. अनुदानावाचून काम करण्याची तयारी दाखविल्यावर १९३२ साली करार झाला. भांडवल दोन लाख रुपये, 'पस मॉथ' जातीची दोन लहान विमाने, जुहूच्या मैदानावर झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी आणि मूठभर माणसे, एवढाच पसारा होता.

आता आखणी पाहा. विमानाचा वेग ताशी सुमारे शंभर मैल. कराची ते अहमदाबाद अंतर पावणेचारशे मैलांच्या आसपास, मध्ये कच्छचे ओसाड रण. बिनतारी यंत्र नाही, वाट दाखविणारे दिवे नाहीत. भरवसा होकायंत्राचा, नकाशाचा आणि डोळ्यांचा. अहमदाबादेस पेट्रोलचे चार-चार गॅलनचे डबे बैलगाडीतून आणून ठेवावयाचे. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. तेव्हा विमाने पुण्यास उतरवावयाची.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास टाटा एकटेच कराचीहून उडाले आणि अहमदाबादेस पेट्रोल भरून दुपारी दोनच्या आत जुहूस पोहोचले. तेथून व्हिन्सेंट दुसऱ्या विमानाने टपाल घेऊन निघाले व बळ्ळारीस रात्र काढून मद्रासला गेले.

या रोपट्यातूनच १९४६ साली एअर इंडिया उभी राहिली. १९५३ साली सरकारने ती ताब्यात घेतली. टाटांना हे रुचले नव्हते. तरीही १९७८ पर्यंत तिचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. १९८२ साली, पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या टाटांनी लहानशा 'लेपर्ड मॉथ' विमानातून कराची-मुंबई हा प्रवास पुन्हा केला. १९९२ साली त्यांना भारतरत्न देण्यात आले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी पॅरिसमध्ये, त्यांच्या जन्मगावी आहे.